पाच मुलांची सरासरी

राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेतली की शाळांची तुलना न्याय्य होते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. २०२३-२४ मध्ये स्टार्स प्रकल्पाखाली तिसरी ते आठवीसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या, तेव्हा तो आणखी बळावला. विषय तीन : प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. उत्तरपत्रिका शिक्षकांनी तपासायच्या आणि गुण चॅटबॉटवर भरायचे. मूल नेमके कुठे अडते हे शिक्षकाला कळावे, या हेतूशी कोणाचे भांडण असणार? आक्षेप आहे तो गुणांची सरासरी काढून शाळांना वर-खाली लावण्याला, आणि तो गणिताचा आहे.

मालवण तालुक्यातील एखाद्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. चौथीत पाच मुले. प्रत्येकाला ६० गुण मिळाले तर सरासरी ६०. आता त्यांतला एक जण अंगात ताप घेऊन परीक्षेला बसला आणि त्याला २० गुण मिळाले. सरासरी ५२! शिक्षक तेच, शिकवणे तेच. पन्नास मुलांच्या वर्गात हेच घडले असते तर सरासरी ५९.२ झाली असती. कोणाच्या लक्षातही आले नसते.

यामागचा नियम आब्राहम द मुआव्र यांनी १७३० साली मांडला. सरासरीतील चढउतार मुलांच्या संख्येच्या नव्हे, तर त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात. एकेका मुलाच्या गुणांचे प्रमाण विचलन १६ धरले, तर ६४ मुलांच्या सरासरीचे विचलन २ येते. चार मुलांच्या सरासरीचे मात्र ८. म्हणजे लहान शाळा यादीच्या तळाशी जास्त दिसणार आणि शेंड्यालाही जास्त दिसणार, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जागा बदलणार. हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली या सूत्राला ‘सर्वांत धोकादायक समीकरण’ म्हटले. तिकडे गुणवंतांच्या यादीत लहान शाळा पाहून शाळा लहान करण्यावर अफाट पैसा खर्च झाला. तळाच्या यादीतही त्याच होत्या, हे उशिरा ध्यानात आले.

आपल्याकडची भीती उलटी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची चाचपणी सुरू झाली. सिंधुदुर्गात अशा शाळा वाडीवाडीवर आहेत. पट कमी, त्यात सरासरीही कमी, असे दोन आकडे शेजारी ठेवले की शाळा बंद करण्याची शिफारस आपोआप तयार होते. त्यांतला दुसरा आकडा एका मुलाच्या तापाचाही असू शकतो. पावसात ओहोळ ओलांडून सहा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या गावी जायचे की नाही, हे त्यावर ठरू नये.

मोठ्या संख्येचे आकडे निराळे. २०२५ च्या दहावीत कोकण मंडळाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१०. हजारो मुले, आणि वर्षानुवर्षे तोच क्रम. हा योगायोग नव्हे. जिल्ह्याची स्थिती जाणायला नमुना सर्वेक्षणही पुरते. पाच मुलांच्या शाळेत मात्र सरासरी काढण्यापेक्षा उत्तरपत्रिकाच वाचाव्यात. कोण हातचा विसरतो, कोणाला प्रश्नच वाचता आला नाही, हे तासाभरात कळते. पन्नास मुलांच्या शिक्षकाला हे सुख नाही.

शिवाय राज्याच्या प्रश्नपत्रिकेत काय मावत नाही, तेही पाहावे. किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा. पाऊणकीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही! नागपूरच्या मुलाला हा प्रश्न घालता येत नाही, हे खरेच; पण देवबागच्या शिक्षकाला कोणी अडवले आहे? धक्क्याच्या खांबावर खुणा करून पंधरा दिवस दिवसाच्या भरतीची वेळ नोंदवावी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, नियम पंचेचाळीस धरतो. हा फरक कितव्या तिथीला डोळ्यांत भरतो, ते मुलांनीच शोधावे. इथे पाच मुलांचा वर्ग अपुरा पडत नाही. निरीक्षणे पंधरा होतात.