दोन गणनांची एकवाक्यता : विद्युत्-अभिसरणाच्या संशोधनाचा परामर्श

निरोधक द्रवाचा थर दोन समांतर धातुपट्ट्यांमध्ये ठेवून एका पट्टीवरून त्यात आयन सोडले, तर विद्युत्-क्षेत्र आयनांना ओढते आणि आयन द्रवाला. विद्युत्-दाब विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की स्तब्ध द्रवात भोवरे उत्पन्न होतात, हेच विद्युत्-अभिसरण. ही मर्यादा विद्युत्-प्रेरणा व श्यान विरोध यांच्या गुणोत्तराने, म्हणजे ‘टी’ या अंकाने, सांगण्याचा प्रघात आहे. आयनांचा पुरवठा विपुल असता रेषीय सिद्धान्तानुसार ती सुमारे १६१ येते, असे आतेन व मोरो यांनी १९७२ साली दाखविले. त्याच दशकातील प्रयोगांत मात्र ती १०० च्या आसपास आढळली.

या पार्श्वभूमीवर वाझ्केझ, जॉर्जिऊ व कास्तेयानोस यांचा २००६ चा निबंध विचारार्ह ठरतो. त्यांनी एकच प्रश्न दोन पद्धतींनी सोडविला : एकीत विद्युत्-भार फिरत्या कणांच्या रूपाने मांडला आहे, तर दुसरीत जाळीवर गणना करून भाराच्या प्रवाहाला दुरुस्ती लावली आहे. ही तुलना अनाठायी नव्हे. द्रवाचा वेग आयनांच्या स्वतःच्या वेगाहून वाढला की भोवऱ्यात भाररहित पोकळी निर्माण होते. तिची कड तीक्ष्ण असते; साधी जाळी ती कड पुसट करते आणि हा पुसटपणा नैसर्गिक विसरणासारखा भासतो. दोष द्रवाचा की गणनेचा, हा प्रश्न उघडपणे विचारणे, हे या निबंधाचे खरे श्रेय होय.

तथापि त्याच्या निष्कर्षांचे मोल ठरविताना एक भेद पाळणे अगत्याचे आहे. समीकरणे अचूक सुटली की नाही, हा एक पडताळा. ती समीकरणे द्रवाला लागू पडतात की नाही, हा दुसरा. मराठीत दोहोंसाठी बहुधा ‘पडताळा’ हा एकच शब्द योजला जातो, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. दोन्ही पद्धती तीच समीकरणे, त्याच द्विमितीय चौकटीत सोडवितात. त्यांची एकवाक्यता पहिल्या पडताळ्याची साक्ष देते. दुसऱ्याची देऊ शकत नाही. अशा गणनेस ‘संख्यात्मक प्रयोग’ म्हणणेही म्हणूनच सदोष ठरते. प्रयोगात द्रव नकार देऊ शकतो. गणनेत तो उपस्थितच नसतो.

एकदा सुरू झालेले अभिसरण दाब काहीसा उतरविला तरी टिकून राहते. या दुसऱ्या, खालच्या मर्यादेच्या आधारे १६१ व १०० यांतील अंतर मिटविण्याचा मोह होतो. परंतु प्रयोगातील आकडा दाब चढविताना मिळालेल्या आरंभाचा आहे, शेवटाचा नव्हे. तेव्हा आयनांचा पुरवठा क्षेत्रनिरपेक्ष मानणे, विसरण वगळणे, तिसरी मिती सोडणे, या गृहीतकांची एकेक करून परीक्षा होणे आवश्यक आहे. भोवऱ्यांची चित्रे कितीही रेखीव असोत, त्यांच्याशेजारी ही गृहीतके स्पष्ट नोंदविल्यावाचून अशा निबंधाचे वाचन पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.