अनेक डोळ्यांचा सिद्धांत आणि पॅचचे परीक्षण : एक चिकित्सा

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या समर्थनार्थ जे लेखन झाले, त्यात एरिक रेमंड यांच्या ‘द कथीड्रल अँड द बझार’ या निबंधाचे स्थान अग्रभागी आहे. १९९७ साली जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे भरलेल्या लिनक्स परिषदेत तो सादर झाला व १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आला. आज्ञावली वाचणाऱ्यांची आणि वापरून पाहणाऱ्यांची संख्या वाढली की तिच्यातील दोष लवकर उघड होतात, हा त्यातील मध्यवर्ती विचार. लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव देऊन रेमंड यांनी त्यास नियमाची प्रतिष्ठा दिली. हा विचार पुढे इतका रूढ झाला की, परीक्षण प्रत्यक्षात कोण करतो, त्याच्यापुढे नेमके काय ठेवलेले असते आणि त्याला काय दिसू शकत नाही, हे प्रश्न मागे पडले. प्रस्तुत लेखात तीन घटनांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

पॅच म्हणजे मूळ आज्ञावलीतील कोणत्या ओळी वगळल्या व कोणत्या नव्याने घातल्या, याची नोंद. परीक्षकाच्या हाती येते ती ही नोंद आणि बदललेल्या ओळींच्या मागेपुढे असलेल्या, सामान्यतः तीन-तीन ओळी. त्यावर तो आक्षेप घेतो, लेखक सुधारित आवृत्ती पाठवतो, आणि हा क्रम काही वेळा पाच-सहा आवृत्त्यांपर्यंत चालतो. लिनक्सच्या गाभ्यात परीक्षण करणारा व चाचणी घेणारा यांची नावे पॅचखाली स्वतंत्रपणे नोंदवली जातात. मात्र तेथील नियमांनुसार परीक्षकाची सही ही पॅच सर्व परिस्थितीत योग्य चालेल याची हमी नसते. ही प्रामाणिक मर्यादा आहे. तिचा विसर मात्र वापरणाऱ्यांना फार लवकर पडतो.

डेबियन या लिनक्स-वितरणातील २००६ ते २००८ या काळातील प्रकरण या दृष्टीने मुळातून अभ्यासण्याजोगे आहे. इंटरनेटवरील गुप्त संवादासाठी लागणारे ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनाखाली चालवले असता, प्रारंभिक मूल्य न दिलेली स्मृती वाचली जात असल्याच्या तक्रारी येत. त्या तक्रारींचा माग दोन ओळींपर्यंत पोहोचला. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या होत्या, परंतु दोन वेगळ्या फलनांत होत्या. एक ओळ यादृच्छिक संख्या बाहेर देताना स्मृतीतील शिल्लक आशय जाता जाता मिसळून घेई. ती काढल्याने फारसे बिघडत नव्हते. दुसरी ओळ मात्र बाहेरून आलेली सारी अनिश्चितता संख्याजनकात मिसळण्याचे मूळ कार्य करीत होती. डेबियनच्या बाजूने काम पाहणाऱ्या विकासकाने मे २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या विकासकांपुढे दोन्ही ओळी निष्क्रिय करण्याचा विचार मांडला आणि संख्याजनकावर याचा काय परिणाम होईल हे आपल्याला ठाऊक नाही, असेही स्पष्ट लिहिले. दोषशोधनास मदत होत असेल तर ओळी काढण्यास हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले. सप्टेंबर २००६ मध्ये बदललेली आवृत्ती डेबियनमध्ये दाखल झाली.

परिणाम असा झाला की किल्ली तयार करताना अनिश्चिततेचा एकच स्रोत उरला, तो म्हणजे चालू प्रक्रियेचा क्रमांक. त्याची मूल्ये ३२,७६७ इतकीच संभवत. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, ठराविक जातीच्या व लांबीच्या साऱ्या किल्ल्या एखाद्या संगणकावर आधीच तयार करून ठेवता येण्याजोग्या होत्या. डेबियनचेच विकासक लुचानो बेल्लो यांच्या हा दोष लक्षात आला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. उबुंटूसारखी डेबियनवर आधारलेली वितरणेही त्यात सापडली. दुरुस्तीचा पॅच अगदी लहान होता. पण दरम्यानच्या सुमारे वीस महिन्यांत निर्माण झालेल्या किल्ल्या कोणत्याही पॅचने सुधारणार नव्हत्या. त्या एकेक करून रद्द कराव्या लागल्या.

येथे परीक्षण झालेच नाही, असे म्हणता येत नाही. प्रश्न विचारला गेला, जाणकाराने उत्तर दिले, बदल सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी राहिला. चाचण्याही अपयशी ठरल्या नाहीत, कारण किल्ली वैध होती, संदेश सांकेतिक रूपात जात होता आणि उलगडतही होता. किल्ली एकदाच तयार करून पाहणाऱ्यास काहीच वावगे दिसणे शक्य नव्हते. हजारो वेळा तयार करून त्या परस्परांशी ताडून पाहिल्या असत्या तरच पुनरावृत्ती कळली असती. खरी चूक एका समजुतीत होती : साधनाची तक्रार थांबली म्हणजे आज्ञावली निर्दोष झाली. तक्रार हे लक्षण होते, ते रोग मानले गेले. शिवाय पॅचमध्ये दोन सारख्या ओळी शेजारी शेजारी आल्या की वाचणारा त्यांना एकच अर्थ देतो. त्यांचा अर्थ ठरवणारा संदर्भ पॅचच्या चौकटीबाहेर राहतो.

रेमंड यांच्या विवेचनाची मर्यादा येथे नेमकी दिसते. त्यांचे स्वतःचे उदाहरण फेचमेल या टपाल आणणाऱ्या सॉफ्टवेअरचे होते. त्यात टपाल आले नाही तर वापरणारा लगेच तक्रार करतो. अशा दोषांपुरता नियम खरा आहे आणि त्याचे श्रेय रेमंड यांना दिलेच पाहिजे. दोष सापडणे व तो समजणे या दोन वेगळ्या गोष्टी असून सापडणे अधिक कठीण, हे टोरवाल्ड्स यांचे मतही त्यांनी निबंधात नोंदवले आहे. मात्र त्याचा पाठपुरावा केलेला नाही. सुरक्षेतील दोष वापरणाऱ्याला खुपतच नाही. तेथे हजारो वापरकर्ते असूनही पाहणारा डोळा एकही नसतो.

हार्टब्लीड या नावाने कुप्रसिद्ध झालेला ओपनएसएसएलमधील दोषही असाच. समोरच्याने पाठवलेल्या मजकुराची सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी पडताळून पाहणारी तपासणी त्या आज्ञावलीत नव्हती. त्यामुळे एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंत परक्या स्मृतीतील मजकूर बाहेर पडू शके. २०११च्या अखेरीस हा बदल एका परीक्षकाच्या नजरेखालून गेला, मार्च २०१२ मध्ये वितरित झाला आणि ७ एप्रिल २०१४ पर्यंत अज्ञात राहिला. लिहिलेल्या ओळीतील चूक परीक्षकाला दिसते; न लिहिलेली ओळ दिसण्यासाठी वेगळ्या प्रकारचे वाचन लागते. योग्य मागणी पाठवणारी चाचणी येथे निरुपयोगीच होती. मुद्दाम खोटी लांबी सांगणारी चाचणी हवी होती.

२०२४ मधील एक्सझेड प्रकरणाने प्रश्न आणखी पुढे नेला. या संक्षेपन-सॉफ्टवेअरचा भार दीर्घकाळ एकाच व्यक्तीवर होता. सहकारी म्हणून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवली. तिचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या द्विमान फाइलींत दडवला होता, आणि तो जागा करणारा अंश सर्वांसमोर असलेल्या सोर्स कोडच्या भांडारात नव्हता, केवळ वितरणासाठी बांधलेल्या संचात होता. अर्थात परीक्षकांनी भांडारातील प्रत्येक ओळ वाचली असती तरी वितरित संहिता त्यांच्या वाचनात आलीच नसती. आणि चाचणीची सामग्री संशयाने पाहण्याची सवय फारच थोड्यांना असते.

२९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाने. ते एक्सझेडचे नियुक्त परीक्षक नव्हते. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्याआधी काही आठवडे व्हॅलग्राइंडच्या विचित्र तक्रारीही त्यांनी पाहिल्या होत्या आणि त्या त्यांच्या लक्षात राहिल्या होत्या. चोरवाट ठेवणाऱ्यालाही त्या तक्रारींचे महत्त्व कळले असावे, कारण ५.६.१ या आवृत्तीत त्या शांत करण्याचा प्रयत्न केलेला आढळतो.