‘सर्वांसाठी’ लिहिलेले पान : भातखंडे-स्वरलिपी आणि सार्वत्रिक अभिकल्पाचा प्रश्न

वास्तू, वस्तू आणि तंत्रसाधने यांची घडण मुळातच अशी करावी की, वेगळ्या दुरुस्तीवाचून ती शक्य तितक्या अधिक माणसांना वापरता यावीत, हा विचार अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘युनिव्हर्सल डिझाइन’ या नावाने मांडला. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील केंद्राने त्याची सात तत्त्वे प्रसिद्ध केली. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग-हक्क करारात त्याची व्याख्या झाली आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही तिला स्थान मिळाले. मराठीत या संकल्पनेला ‘सार्वत्रिक अभिकल्प’ म्हणता येईल. ‘आराखडा’ हा शब्द अधिक रुळलेला असला, तरी तो कागदावरच थांबतो. या विचाराची चर्चा बहुधा उतरणी, उद्वाहक, पदपथ यांच्याभोवती फिरते. पुस्तकाचे पान हीही एक घडविलेली वस्तू आहे आणि तिच्या घडणीत कोणाचे तरी डोळे, कोणाचे तरी हात गृहीत धरलेले असतात, ही गोष्ट साहित्यविचारात क्वचितच येते. वोल्फगांग इझर यांच्या ‘अभिप्रेत वाचका’ला संस्कार असतात, अपेक्षा असतात, रिकाम्या जागा भरण्याची कुवत असते, शरीर मात्र नसते.

या उणिवेचा विचार करण्यासाठी लखनौ हे शहर सोयीचे आहे. शहराच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. तिच्या परिसरातच १९९६ मध्ये स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे. तेलीबागेतून शहराच्या मध्यभागी कैसरबागेकडे, म्हणजे विष्णु नारायण भातखंडे यांच्या संगीतसंस्थेकडे, निघालेल्या एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याची कल्पना करावी. विमानतळ ते मुन्शीपुलिया या मार्गावर २०१९ पासून पूर्ण लांबीने धावणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांत पायांना वाट सांगणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या आहेत, पण तेलीबाग त्या मार्गावर नाही. रिक्षा, बस, तुटक पदपथ यांतूनच त्याला जावे लागणार. तो पोहोचला, पायऱ्यांच्या जागी उतरणही मिळाली, असे मानू. त्यानंतर त्याच्यासमोर जे ठेवले जाईल ते भातखंडे यांचे पुस्तक असेल. सार्वत्रिक अभिकल्पाचे नियम बहुधा दारापर्यंत येऊन थांबतात. दारापलीकडचा प्रश्न पाठ्याचा आहे, आणि तो मराठी पाठ्याचा आहे.

मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले भातखंडे १९२६ मध्ये राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली आदींच्या साह्याने लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय उभे करतात, तेव्हा त्यांच्यामागे दोन ग्रंथमालिकांचे काम असते. एक, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा गुरुशिष्यसंवादाच्या रूपातील चार भागांचा मराठी शास्त्रग्रंथ; दुसरी, घराण्यांतून मिळविलेल्या चिजांचे स्वरलेखन करणारी ‘क्रमिक पुस्तक मालिका’, जिचे सहा भाग झाले. दोन्हींची भाषा मराठी होती आणि लखनौच्या विद्यार्थ्यांना ती पुढे हिंदी अनुवादातूनच मिळाली. ज्या शहरात संस्था उभी राहिली तेथे संस्थापकाच्या ग्रंथांची भाषा वाचली जात नव्हती, ही विसंगती फारशी जाणवली नाही. कारण स्वरलिपीची अक्षरे देवनागरी होती आणि ‘सा रे ग म’ मराठीत व हिंदीत सारखेच छापले जात होते.

‘सर्वांना वापरता येईल असे’ या निकषावर ही स्वरलिपी तपासली, तर तिचे गुण प्रथम मान्य करावे लागतात. मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एका मात्रेत अनेक स्वर असतील तर त्यांना खालून जोडणारी कमान. समेला फुली, खालीला शून्य, इतर टाळ्यांना आकडे. स्वर लांबविण्यासाठी आडवी रेघ आणि गीताचे अक्षर लांबविण्यासाठी अवग्रह. एवढ्या मोजक्या खुणांत बंदिशीचा सांगाडा उभा राहतो. यांतील बहुतेक खुणा साध्या देवनागरी छापखान्याच्या आवाक्यातल्या होत्या. पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी छापायची तर वेगळे खिळे, वेगळे कारागीर लागत. येथे गावातला मुद्रक पुरेसा होता. लिहिणाऱ्यालाही पाटीपेन्सिल पुरत होती. घराण्याबाहेरच्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्याला, विशेषतः उस्तादाच्या बैठकीत पाऊल ठेवणे ज्यांना सामाजिकदृष्ट्या अशक्य होते अशा मुलींना, बंदिशीपर्यंत पोहोचण्याची वाट या पानाने दिली. भातखंडे यांच्यावर रुक्षतेचा, संगीताला व्याकरणात कोंडल्याचा आक्षेप घेणारे ही गोष्ट सहसा विसरतात.

तरीही प्रत्येक पान ‘सर्व’ म्हणजे कोण हे न बोलता ठरवीत असते. १९२६ च्या लखनौत उर्दू लिपी हीच अनेकांची वाचनाची लिपी होती, आणि ज्यांच्या कंठातून व हातांतून ही विद्या आली त्या मुसलमान कलावंतांचा त्यांत मोठा वाटा होता. महाविद्यालयात सरोदिये सखावत हुसेन खाँ आणि लखनौ बाजाचे तबलिये आबिद हुसेन खाँ शिकवीत. म्हणजे विद्या त्यांची आणि तिचे पान देवनागरीचे. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली खाँ यांनी भातखंडे यांच्याच विचारपद्धतीवर ‘मआरिफ-उन-नग़मात’ हा उर्दू ग्रंथ सिद्ध केला, ही घटना म्हणूनच केवळ अनुवाद किंवा प्रभाव या सदरात घालता येत नाही. एका लिपीत घडविलेले साधन दुसऱ्या लिपीच्या वाचकाला मिळावे म्हणून केलेली ती पुनर्घडण होती. तौलनिक अभ्यासाने तिच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

दुसरे गृहीतक अधिक खोलवर आहे. भातखंडे-स्वरलिपी उभी रचलेली आहे. वरच्या ओळीत स्वर, त्याखाली गीताची अक्षरे, त्याखाली तालाच्या खुणा. स्वराच्या वर आणि खाली सप्तकाच्या व विकृतीच्या खुणा. हे तीन-चार थर एकाच दृष्टिक्षेपात घेणे हीच या लिपीची सोय. मात्रेचे मूल्य स्वराच्या अंगावर लिहिलेले नसते. ते त्याच्या जागेवरून, शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या कमानीवरून कळते. म्हणजे अर्थ चिन्हात जितका आहे तितकाच पानाच्या भूगोलात आहे. हा भूगोल बोटांना दिसत नाही. ब्रेलमधील सहा बिंदूंच्या घराला वर-खाली खूण लावण्याची सोय नसते. सारे काही एकापुढे एक यावे लागते. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर लिहिला जातो, छापील देवनागरीत तो आधी दिसत असला तरी. बोटे डोळ्यांच्या क्रमाने वाचत नाहीत, उच्चाराच्या क्रमाने वाचतात. त्यामुळे भातखंडे यांचे पान ब्रेलमध्ये ‘उतरविणे’ शक्य नाही. ते नव्याने रचावे लागते.

येथे विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीकडे वळणे भाग आहे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याच्या अपघातात इजा झाली आणि दृष्टीची ही दुर्बलता जन्मभर राहिली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या या गायकाने स्वतःची स्वरलिपी रचली. तीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण असते: एक मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीची वेगळी. ही पद्धत किचकट, छपाईला अवघड आणि डोळ्यांना गर्दीची ठरली. प्रसार भातखंडे यांच्या पद्धतीचा अधिक झाला. हा निकाल दृष्टिवंत विद्यार्थ्याच्या बाजूने योग्यच होता. मात्र रचनेच्या तत्त्वाकडे पाहिले, तर चित्र उलटते. पलुस्करांच्या लिपीत स्वर आपले कालमान स्वतःबरोबर घेऊन चालतो. त्याला पानावरील जागेचा आधार लागत नाही. एका ओळीत, क्रमाने, स्पर्शाने वाचता येण्याच्या दृष्टीने हेच तत्त्व अधिक जवळचे आहे. ल्वी ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली ती शब्द, संगीत आणि चर्चमधील गायन या तिन्हींसाठी. ते स्वतः ऑर्गनवादक होते. ब्रेल-संगीतातही स्वर आणि त्याचे कालमान एकाच घरात बसतात, सप्तकाची खूण स्वराच्या आधी येते. पॅरिसचा ऑर्गनवादक आणि लाहोरचा कीर्तनकारपुत्र एकाच तत्त्वापाशी आले, हे साम्य लक्षणीय आहे. त्याचे कारण पलुस्करांच्या डोळ्यांत शोधणे हा मात्र चरित्रवादाचा सोपा मार्ग झाला, कारण त्यांची लिपीदेखील छापील, पाहण्याचीच लिपी होती.

भातखंडे आणि पलुस्कर यांचा विरोध आजवर बहुधा धर्म, राष्ट्र आणि आधुनिकता यांच्या भाषेत वाचला गेला. जानकी बखले यांच्या २००५ मधील ‘टू मेन अँड म्युझिक’ या ग्रंथाने त्या वाचनाला भक्कम ऐतिहासिक पाया दिला. त्या वाचनात स्वरलिपी ही आधुनिकतेची निशाणी ठरते. ती कोणत्या इंद्रियासाठी रचली आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. हा प्रश्न विचारला की इतिहासाची एक विपरीत बाजू पुढे येते. छापील पान येण्यापूर्वी दृष्टिहीन गायकाला पानाचा अडसर नव्हता. मैफलीत कोणीच कागद पाहून गात नाही, आजही नाही. गुरूच्या मुखातून विद्या घेणाऱ्यांत डोळस आणि अंध यांत फरक पडण्याचे कारण नव्हते. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमाचे पंचाक्षरी गवई दृष्टिहीन होते. त्यांच्यापाशी शिकलेले बसवराज राजगुरू डोळस होते. तेथे शिष्याचे डोळस असणे शिकण्याच्या कामी फारसे उपयोगाचे नव्हते. अडसर निर्माण झाला तो परीक्षा, अभ्यासक्रम आणि पदवी यांनी, म्हणजे ज्या व्यवस्थेने संगीताची दारे इतर असंख्यांना उघडली त्याच व्यवस्थेने. बंदिश स्वरलिपीत लिहून दाखविणे ही परीक्षेची अट झाली, तेव्हा गाण्याच्या कलेत नसलेले एक अपंगत्व गाण्याच्या शिक्षणात आले. अपंगत्व शरीरात असते की रचनेत, या वादाला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

याचा दोष भातखंडे यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही, कारण त्यांच्या ग्रंथांत दुसरीही रचना आहे. लक्षणगीत हा प्रकार भातखंडे यांनी विपुल हाताळला. त्यात रागाचा थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय ही सारी लक्षणे गीताच्या शब्दांत बांधलेली असतात आणि ते गीत त्याच रागात गायचे असते. नियम आणि उदाहरण एकाच श्वासात येतात. नियम सांगितला जात असतानाच तो पाळला जात असतो. अलंकारशास्त्राच्या काही जुन्या ग्रंथांत लक्षणश्लोकच उदाहरणाचेही काम करतो, त्या परंपरेशी याचे नाते आहे. अभिकल्पाच्या दृष्टीने पाहिले, तर एकच माहिती अर्थाने आणि नादाने अशी दोन वाटांनी पोहोचविणारे हे साधन आहे, आणि माहिती एकाहून अधिक इंद्रियमार्गांनी उपलब्ध असावी, हा १९९७ च्या सात तत्त्वांतील चौथ्या तत्त्वाचा गाभा आहे. एकदा ऐकून पाठ झाले की लक्षणगीताला पान लागत नाही. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे संवादरूपही याच जातीचे: शिष्याने शंका काढावी, गुरूने सावकाश उत्तर द्यावे, मध्येच विषयांतर व्हावे. ते गद्य मोठ्याने वाचले असता मुळीच अडखळत नाही. याउलट संस्कृतातील ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ श्लोकबद्ध असल्याने पाठांतराला सोपे, पण भाषेने मोजक्यांचे.

म्हणजे एकाच लेखकाच्या कामात डोळ्यांसाठी रचलेले पान आणि कानांसाठी रचलेले पाठ्य शेजारी-शेजारी आहेत. संस्थांनी स्वीकारले ते पहिले. लक्षणगीत प्रारंभिक परीक्षांपुरते उरले आणि वरच्या वर्गांत स्वरलेखन प्रतिष्ठेचे झाले. संस्थात्मक ज्ञान जे तपासायला सोपे ते टिकविते. उत्तरपत्रिकेवरील खुणा मोजता येतात, कंठात उतरलेला राग मोजायला परीक्षकाला वेळ लागतो.

आता छापील पानाची जागा पडद्याने घेतली आहे आणि प्रश्न पुन्हा नव्याने उभा आहे. पडदावाचक आज्ञावली मराठी-हिंदी मजकूर वाचून दाखवू शकतात, पण जुन्या आवृत्त्यांची चित्ररूपात साठविलेली पाने त्यांना मुकी असतात. खास टंकांत जुळविलेली स्वरलिपी तर त्याहून वाईट: तेथे आवाज येतो, पण बिंदू आणि रेघा गळून केवळ ‘सा रे ग म’ ऐकू येते, कोमल-तीव्राचा भेद हरवतो, आणि भैरवाचा बिलावल होतो. कायद्याची अडचण येथे उरलेली नाही. भातखंडे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ मराठी ग्रंथांवरील लेखाधिकार १९९६ अखेर संपला. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ रूपे सिद्ध करण्याची मुभा दिली आहे. उरते ते संपादनाचे काम, आणि ते यांत्रिक नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिके’ची श्राव्य अथवा स्पर्शवाच्य आवृत्ती काढायची, तर प्रत्येक बंदिशीत आधी स्वर वाचायचा की गीताचे अक्षर, सम कोठे सांगायची, मींडीची कमान शब्दांत कशी उलगडायची, हे ठरवावे लागेल. हे निर्णय पाठचिकित्सेच्या संपादकाला घ्यावे लागणाऱ्या निर्णयांइतकेच अर्थनिर्णयाचे आहेत. ते घेताना पलुस्करांची मागे पडलेली लिपी आणि भातखंडे यांची लक्षणगीते, दोन्ही टेबलावर असावी लागतील.