‘शिअना’ आणि डोंगरातील बोली

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, डेरीनासॅगर्टच्या डोंगरात, कूल-ए हे आयरिश बोलणारे लहानसे गाव आहे. ते ज्या मस्क्री मुलुखात मोडते त्याची ओळख साहित्याच्या अभ्यासकास बहुधा पादर ओ लेरी यांच्या ‘शिअना’मधून होते. ओ लेरी याच मुलुखातील एका वाडीत १८३९ साली जन्मले व पुढे धर्मगुरू झाले. त्यांची ही कथा १८९४ पासून नियतकालिकात व १९०४ मध्ये पुस्तकरूपाने आली. सतराव्या शतकातील जेफ्री कीटिंगच्या गद्याचा आदर्श बाजूस सारून लोकांच्या बोलीतच लिहावे, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे ‘शिअना’ म्हणजे त्या बोलीची जणू नोंदच, असे मानले जाते. हे मत स्वीकारता येत नाही.

न सरणाऱ्या पैशांच्या थैलीसाठी चांभाराने सैतानाशी केलेला तेरा वर्षांचा करार, हे कथानक. अशा कथा युरोपात अन्यत्रही आहेत. पुस्तकाचे बळ त्याच्या चौकटीत आहे. पेग गोष्ट सांगते. नोरा, गोबनेट, लहानगी शीला तिला मध्येच अडवतात, शंका काढतात. (गोबनेट हे शेजारच्या बालीव्होर्नीच्या संत स्त्रीचे नाव, त्या एका हाकेने मुलूख उभा राहतो.) परंतु या शंकाही लेखकानेच योजलेल्या आहेत. बोलण्यात वाक्य अर्धवट सुटते; पेगची वाक्ये बहुधा पूर्ण होतात. शिवाय ओ लेरी यांच्या घरी आईमुळे इंग्रजीही होती. लोकांचे काय आणि परके काय, याची निवड करणारी दृष्टी त्यांस तेथूनच लाभली असावी.

कूल-एचे कथनकार आव्लीव ओ लुईंशे यांच्या तोंडून उतरून घेतलेल्या कथा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तेथे सांगणारा निराळा, लिहिणारा निराळा. ब्रायन ओ कीव यांनीही १९४४ च्या ग्रंथात पश्चिम मस्क्रीच्या ध्वनींचे वर्णन केले ते बोलणाऱ्यांच्या उच्चारांवरून. शब्दातील आघात पहिले अक्षर सोडून पुढच्या दीर्घ स्वराकडे सरकतो, हे दाक्षिणात्य आयरिशचे वैशिष्ट्य छापील ‘शिअना’ कोणास ऐकवणार? खुद्द नायकाच्या नावात छापलेला ‘द’ उच्चारात नाही.

क्रियापदांच्या बाबतीत मात्र तिची साक्ष मोलाची आहे. ‘मी होतो’ हा अर्थ तेथे सर्वनामाविना, केवळ प्रत्ययाने व्यक्त होतो. १९५८ च्या अधिकृत प्रमाणभाषेने सर्वनाम जोडलेले रूप पत्करले. त्यामुळे शाळेत आयरिश शिकलेल्या वाचकास ओ लेरी यांची रूपे जुनाट वाटतात. कूल-एच्या माणसास ती रोजच्या बोलण्यातली आहेत.