रामु, राम, रामि : शेवटच्या उकाराकडून किती काम करून घ्यायचं?

मागच्या महिन्यात सेमिनारमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. ती आज सगळी सांगून टाकते, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना माझ्या यशापेक्षा माझ्या चुकीचा उपयोग जास्त होईल.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख: माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली. पीएचडीत मात्र मी संगणकाच्या मदतीने जुने ग्रंथ वाचते. सध्या काम चालू आहे ते गुरु ग्रंथ साहिबमधल्या ईश्वराच्या नावांवर. हरि, राम, गोबिंद, प्रभ, अल्लाह, खुदाइ, साहिब अशी कितीतरी नावं तिथे एकाच देवासाठी येतात. कुठलं नाव कुठे आणि कशा अर्थाने येतं, हा माझा प्रश्न.

सेमिनारमध्ये मी एक स्लाइड मोठ्या उत्साहाने दाखवली. ‘रामु’ म्हणजे निर्गुण, सर्वव्यापी ईश्वर आणि उकार नसलेला ‘राम’ म्हणजे दशरथाचा पुत्र किंवा नुसतं नाव, असा माझा अंदाज होता. हा दावा मी आधी दोन-तीन ठिकाणी ऐकला होता आणि मला तो आवडला होता. मागच्या रांगेत पंजाबीचे एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “बेटा, जो राम रोता है, वो कौन सा राम है?” मला प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी शोधल्यावर कळला, आणि ती स्लाइड काढून टाकावी लागली. त्या रडणाऱ्या रामाकडे येतेच, पण आधी व्याकरण.

नियम काय आहे?

गुरबाणीत बऱ्याच शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व उकार किंवा ऱ्हस्व वेलांटी दिसते. गुरुमुखीत उकाराला औंकड म्हणतात आणि वेलांटीला सिहारी. काहीच नसेल तर शब्द मुकता, म्हणजे मोकळा. पाठ करताना या शेवटच्या मात्रा बहुधा उच्चारत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्या कळत नाहीत. वाचणाऱ्याला दिसतात.

ढोबळ नियम असा. पुल्लिंगी एकवचनी नाम कर्ता किंवा थेट कर्म असेल तर शेवटी उकार येतो: नानकु, रामु, सबदु. हाक मारायची असेल, पुढे का-की-के किंवा बिनु असा शब्द येत असेल, किंवा नाम अनेकवचनी असेल, तर उकार गळतो: नानक, राम, सबद. ‘-ने’ किंवा ‘-मध्ये’ असा अर्थ असेल तर वेलांटी लागते: गुरि म्हणजे गुरूने, मनि म्हणजे मनात, घरि म्हणजे घरात. एक या शब्दाचीही अशीच रूपं होतात. ‘इकु’ पुल्लिंगी एक, ‘इक’ स्त्रीलिंगी एक आणि ‘इकि’ म्हणजे काही जण. एका मात्रेने एकाचे अनेक होतात!

हे सगळं आलं कुठून? संस्कृतातला शेवटचा विसर्ग प्राकृतात ‘ओ’ झाला आणि अपभ्रंशात ‘उ’. ही वाट आपल्याही ओळखीची आहे. ज्ञानेश्वरी उघडा, ‘अर्जुनु’ आणि ‘देवो’ भेटतील. मराठीने तो उकार पुढे टाकून दिला, पण विभक्तीप्रमाणे रूप बदलायची सवय ठेवली. राम आला, रामाला सांग, रामा, इकडे ये. यातले राम आणि रामा हे दोन वेगळे इसम आहेत असं आपण कधी म्हणतो का? माझ्या स्लाइडवर मी नेमकं तेच म्हटलं होतं.

न उच्चारलेलं चिन्ह व्याकरण सांभाळतं, हेही आपल्याला नवीन नाही. जुन्या पुस्तकांत ‘घरीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार असायचे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते गेले. ज्यांनी जुनी पुस्तकं वाचली आहेत त्यांना माहीत आहे की तो ठिपका शोभेचा नव्हता.

पहिली चूक: मात्रा कापून टाकणं

सेमिनारच्या आधी मी याच्या बरोबर उलटी चूक करून बसले होते. नावांची गणती करायला लिहिलेल्या प्रोग्राममध्ये मी शेवटच्या सगळ्या ऱ्हस्व मात्रा काढून टाकल्या होत्या. नाहीतरी उच्चारत नाहीत, मग डेटा स्वच्छ केलेला बरा, असा विचार. त्यामुळे ‘हरि’चा ‘हर’ झाला. पण ‘हरि’ची वेलांटी विभक्तीची नाहीच, ती मूळ शब्दाची आहे. संस्कृतात हरि म्हणजे विष्णू आणि हर म्हणजे शिव. ‘हरिहर’ म्हणणाऱ्या मराठी मुलीला हे आधी सुचायला हवं होतं.

‘प्रभु’चं याच्या उलट. संस्कृतात हा उकार मूळ शब्दाचाच आहे. पण गुरबाणीच्या भाषेने तोही विभक्तीचा उकार धरला. म्हणून कर्ता असेल तर ‘प्रभु’ आणि पुढे ‘का’, ‘के’ आलं की ‘प्रभ’. सुखमनीत ही दोन्ही रूपं सापडतात. म्हणजे एका शब्दाची मात्रा मूळची आणि दुसऱ्याची विभक्तीची. एकच कात्री दोन्हींना चालवली की निकाल बिघडणारच.

मात्रा कापल्या तर नेमकं काय हरवतं, याची दोन उदाहरणं ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्रातच आहेत. ‘करता पुरखु’ मध्ये ‘पुरखु’ला उकार आहे, पण ‘अकाल मूरति’ मध्ये ‘अकाल’ला नाही. का? ‘मूरति’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘अकाल’ तिचं विशेषण. उकार असता तर ‘अकालु’ हे वेगळं पुल्लिंगी पद म्हणून वाचता आलं असतं. उकार नाही, म्हणून हे एकच वर्णन: जिला काळ नाही असं स्वरूप. दुसरं, ‘गुर प्रसादि’. ‘गुर’ मोकळा आहे म्हणून ‘गुरूच्या’, आणि ‘प्रसादि’ला वेलांटी आहे म्हणून ‘कृपेने’. गुरू आणि प्रसाद ही देवाची आणखी दोन नावं नाहीत, तो गुरूच्या कृपेने मिळतो असं तिथे म्हटलं आहे. सोपी भाषांतरं इथे कधीकधी नुसती विशेषणांची यादी करतात. व्याकरण ही यादी होऊ देत नाही.

हा नियम नीट मांडून संपूर्ण ग्रंथाला लावण्याचं मोठं श्रेय प्रा. साहिब सिंग (१८९२–१९७७) यांचं. त्यांचं ‘गुरबाणी व्याकरण’ आणि १९६२ ते १९६४ मध्ये आलेली ‘श्री गुरु ग्रंथ साहिब दर्पण’ ही दहा खंडांची टीका हे दोन्ही ग्रंथ आजही टेबलावर हवेत. परंपरेने आलेला अर्थ पुन्हा सांगण्यावर ते थांबले नाहीत. अर्थ असाच का, हे रूपावरून दाखवायचं, ही शिस्त त्यांनी लावली. माझ्यासारख्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीला ही पद्धत लगेच पटते.

दुसरी चूक: मात्रेत धर्मशास्त्र वाचणं

आता रडणारा राम. रामकलीच्या वारेत गुरु नानकांचा एक श्लोक आहे. या जगात कोण कोण रडलं, हे तिथे एकामागून एक येतं. वनवासाला निघालेला, सीता-लक्ष्मणापासून दुरावलेला रामही रडतो. हा रामायणातलाच राम, यात शंकेला जागा नाही. आणि तिथे लिहिलंय काय? ‘रामु’. उकारासकट! लक्ष्मणही ‘लखमणु’ आहे. कहर म्हणजे लगेच पुढे लंका गमावून रडणारा दहातोंडी रावण येतो, तोही ‘दहसिरु’. उकार म्हणजे निर्गुण ब्रह्म असेल, तर रावणाचं काय करायचं?

उत्तर साधं आहे. हे तिघंही आपापल्या वाक्यात कर्ते आहेत, म्हणून उकार. शब्द वाक्यात कुठलं काम करतो ते उकार सांगतो. तो शब्द कोणाबद्दल आहे ते सांगत नाही. माझा अंदाज पाडायला हा एक श्लोक पुरेसा होता. मी तो शोधला नव्हता, कारण मी फक्त जुळणारी उदाहरणं गोळा करत होते.

असाच दुसरा दावा लिंगाचा. उकार पुल्लिंगी, म्हणून ईश्वर पुरुष. मराठीत देव ‘तो’, शक्ती ‘ती’ आणि ब्रह्म ‘ते’. यावरून आपण काही सिद्ध करतो का? गुरबाणीतही ईश्वरी प्रकाशासाठी येणारा ‘जोति’ शब्द स्त्रीलिंगी आहे. इंग्रजी भाषांतरांत सगळीकडे पुरुषवाचक सर्वनाम आणि ‘लॉर्ड’ कसं शिरलं, याची झडती निक्की-गुनिंदर कौर सिंग यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात घेतली आहे. व्याकरणातलं लिंग आणि देवाबद्दलचं मत यांत अंतर आहे, ते ठेवलंच पाहिजे.

बीठलु आणि बीठल

आता आपल्या घरचं उदाहरण, कारण इथे माझी साहिब सिंगांशी तक्रार आहे.

राग आसामध्ये नामदेवांचं एक पद आहे. देवाला अंघोळ घालायला पाणी आणलं, तर त्यात आधीच असंख्य जीव. फुलं आणली, तर भुंग्याने वास घेतलेला. दूध आणलं, तर वासराने उष्टावलेलं. मग वाहायचं काय? आणि जिथे जावं तिथे विठ्ठलच आहे, तर कोणाला वाहायचं? ‘आनीले’सारखी क्रियापदं वाचताना मराठी कान आपोआप टवकारतात. या पदात ‘बीठलु’ आहे आणि ‘बीठल’ही आहे. दुसरं रूप एका ठिकाणी कशाच्या आधी येतं? ‘बिनु’ या शब्दाच्या आधी. म्हणजे विठ्ठलाविना. पद तेच, देव तोच आणि लेखन दोन प्रकारचं. ‘बिनु’च्या आधी उकार गळतो, हा नियम इथे दिसतो.

पण हा विठ्ठल कोण? पंढरपूरचा विटेवरचा की निराकार? व्याकरण यावर काहीच बोलत नाही. बोलतं ते पद स्वतः, आणि त्याचा रोख सर्वत्र भरलेल्या विठ्ठलाकडे आहे. साहिब सिंगांचा निष्कर्षही तोच. इथपर्यंत माझा वाद नाही. पण ‘दर्पण’मध्ये ते ‘बीठलु’ची फोड ‘वि’ आणि ‘स्थल’ अशी करतात आणि मायेपलीकडे, दूर उभा असलेला, असा अर्थ काढतात. इथे ते व्याकरणाच्या रस्त्यावरून व्युत्पत्तीच्या रस्त्यावर वळले, आणि वळल्याचं सांगितलं नाही. विठ्ठल हे नाव कुठून आलं हा आपल्याकडचा जुना वाद आहे. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) वाचलं तर तो किती गुंतागुंतीचा आहे ते कळतं. त्यातली सोयीची एक व्युत्पत्ती उचलायची आणि तिच्या जोरावर नामदेवांचा देव कोण ते ठरवायचं, हे रूपावरून अर्थ दाखवणं नव्हे. शिवाय त्याची गरजच नव्हती. पाणी, फूल आणि दूध हा पुरावा समोर होता.

मला वाटतं, साहिब सिंगांच्या कामाची ताकद आणि मर्यादा इथे एकाच पानावर दिसतात. रूप सांगतं तिथपर्यंत ते पक्के. रूप गप्प होतं तिथे त्यांचं मत बोलायला लागतं, पण आवाज तोच राहतो, म्हणून वाचणाऱ्याला बदल कळत नाही. नामदेव मूर्तिपूजक नव्हते, हे दाखवण्याचा त्यांचा आग्रह टीकेत ठिकठिकाणी आहे. आग्रह असायला हरकत नाही, फक्त त्याला व्याकरणाचा गणवेश घालू नये.

आणखी एक मर्यादा लिखाणाची. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे नव्हते, ओळ सलग असे, तिला लडीवार म्हणतात. शब्द तोडणं हाच मुळात एक अर्थ लावणं आहे. भट्टांच्या सवैयांत येणारं ‘वाहिगुरू’ एकत्र वाचलं तर देवाचं नाव, ‘वाहि गुरू’ असं तोडलं तर गुरूला दिलेली दाद. आणि ‘ੴ’ या चिन्हाच्या सुरुवातीला तर चक्क एकचा अंक आहे. अंकाला मात्रा नसते, त्यामुळे इकु-इक-इकिचा नियम तिथे लावताच येत नाही.

मग आपण काय करायचं?

माझ्या वहीत आता तीन ओळी आहेत. एक, डेटा स्वच्छ करण्याआधी कचरा कोणता आणि माहिती कोणती ते विचार. दोन, आवडलेला अंदाज मोडणारं उदाहरण आधी शोध, जुळणारी नंतर. तीन, वाक्यातलं काम, शब्दाचा उगम आणि शब्द कोणाला उद्देशून आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहू नको.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी गुरुमुखी लिपी शिकावी. देवनागरी येणाऱ्याला फार जड जात नाही. मग क्रिस्तोफर शॅकल यांचं १९८३ चं शीख धर्मग्रंथाच्या भाषेची ओळख करून देणारं पुस्तक घ्यावं, आणि साहिब सिंग शेजारी उघडे ठेवावेत.

त्या शिक्षकांना मी नंतर फोन केला. म्हटलं, “सर, राम मिल गया.” ते हसले आणि म्हणाले, “अब रावण को भी देख लेना.” तोवर तोही सापडला होता.