मामाच्या गावाला न गेलेली मुले

गेल्या मे महिन्यात बोईसर येथे एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा त्यांच्या पाचवीतील कन्येने आपली निबंधाची वही मोठ्या अभिमानाने आमच्यापुढे ठेवली. वहीतील पहिलाच निबंध ‘माझी उन्हाळ्याची सुटी’ हा होता, व त्यास गुरुजींनी दहांपैकी आठ गुण दिले होते. निबंधात मामाचे कौलारू घर होते, रहाटाची विहीर होती, आमराई होती, बैलगाडी होती, आणि नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरविणारी आजीही होती. भाषा शुद्ध व अक्षर वळणदार होते. अडचण एवढीच की, या मुलीची आजी त्याच दोन खोल्यांत तिच्यासह राहते, आणि तिचा मामा रेल्वेमार्गाच्या पलीकडे, चालत गेल्यास वीस मिनिटांच्या अंतरावर, एका कारखान्यात नोकरीस आहे. बैलगाडी तिने पाहिली असेल, पण तीत ती बसलेली नाही. हे सगळे कोठून आणलेस, असे आम्ही विचारताच तिने मुळीच न गोंधळता उत्तर दिले, “काका, निबंधात तसंच लिहायचं असतं. खरं लिहिलं तर पान भरत नाही.”

मराठी वाङ्मयावर इतकी नेमकी टीका आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मुलीस दोष देण्याचे कारण नाही आणि गुरुजींसही नाही, कारण दोघांनीही आम्ही साहित्यिक मंडळींनी जे पुरविले तेच घेतले आहे. उन्हाळ्याच्या सुटीचे एकच चित्र आम्ही मुलांच्या हाती दिले. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या गाण्यावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. ते गाणे गोड आहे याविषयी वाद नाही. परंतु त्या गाडीत न बसलेल्या मुलाने मे महिना कसा काढला, हे सांगणारे त्याच तोडीचे दुसरे काही आम्हांपाशी आहे काय?

हे चित्र पूर्वी खोटे नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा रत्नागिरीकडील माणूस बहुधा एकटा शहरात राही. बायकामुले गावी असत, आणि ज्यांची मुले शहरात होती त्यांचेही खरे घर गावीच होते. अशा कुटुंबाचे वैशाखात कोकणात जाणे म्हणजे सहल नव्हती, घरी परतणे होते. चाळीतील बिऱ्हाड ही मधली धर्मशाळा. तेव्हा त्या काळच्या लेखकाने सुटीचे वर्णन करावयाचे म्हणजे गावाचेच करावयाचे, यात नवल नाही.

बोईसरची गोष्ट निराळी आहे. तारापूरच्या समुद्रकाठी देशातील पहिले अणुवीजकेंद्र 1969 साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. (या वसाहतीस नाव तारापूरचे, पण ती आहे बोईसरच्या अंगाला. तारापूर हे किल्ला व कोळीवाडा असलेले जुने गाव निराळे. बाहेरगावचा पाहुणा हटकून फसतो, तसे आम्हीही फसलो.) खानदेशातून, घाटावरून, कोकणातून आणि दूर उत्तरेकडून माणसे आली. त्यांनी बायको आणली, येथेच मुले झाली, कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या. 2013 साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल गाडी धावू लागली, तेव्हापासून मुंबईत नोकरी करून पालघर-बोईसरला घर करणारांचीही भर पडली. 2014 साली पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले. या सर्व घरांतील मुलांचे गाव बोईसर अथवा पालघर हेच आहे. त्यांस दुसरे गाव असलेच तर ते आईबापांच्या बोलण्यातले.

आता या घरातील उन्हाळा पाहा. आमच्या स्नेह्यांस महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. सकाळी ते परतात, अंघोळ करून दोन घास खातात आणि आतल्या खोलीत पंखा लावून निजतात. शाळा चालू असता यात काही अवघड नसते, पण सुटीत दोन मुले दिवसभर घरात. बाहेर ऊन असे की जिन्याचा लोखंडी कठडा हाताला लागत नाही. समुद्र जवळ म्हणून उन्हाला घामाची जोड. आई मुलांस ओरडू शकत नाही, कारण ओरडले तर ज्याच्यासाठी ओरडावयाचे तोच जागा होणार. या घरातील दोघां भावंडांनी त्यावर स्वतःच तोड काढली आहे. ती मुक्याने खेळतात. दुकान-दुकान, बस-बस, एवढेच काय पण भांडण देखील, सारे खुणांनी. हसू आले तर उशीत तोंड खुपसावयाचे, आणि ज्याचा आवाज फुटेल त्याच्यावर राज्य. आम्ही जमिनीवर बसून अर्धा तास हा खेळ पाहिला. बापाची झोप हे जणू घरातील तान्हे मूल असून त्यास सर्वांनी मिळून जपावयाचे, असा काही भाव त्या खोलीत होता. यात करुण आहे, विनोद आहे, आणि भावाबहिणीचे नाते तर किती आहे. हीच मुलगी म्हणते की, खरे लिहिले तर पान भरत नाही.

तिची आई सुटीस भिते, हे तिने आम्हांस हसतच सांगितले. सकाळी पाणी येण्याच्या वेळेस सगळ्या बादल्या, पिंपे भरणे, उन्हे चढण्यापूर्वी गच्चीवर पापड-कुरडया घालून त्यांवर जुने लुगडे पसरणे, धाकट्यास राखणीस बसविणे, आणि दुपारी पाच-पाच मिनिटांनी ‘मी काय करू’ या प्रश्नास नवे उत्तर शोधणे. फाट्यावर आदिवासी बाया ताडगोळे घेऊन बसतात. ते सोलून मुलांच्या हाती दिले की पाऊण तास शांततेत जातो. पुढे करवंदे येतात, पावसाच्या तोंडावर बहाडोलीची टपोरी जांभळे येतात. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की रिक्षात दाटीवाटीने बसून चिंचणीच्या किनाऱ्यावर जावयाचे, वाळूत एक पाव दोघांत खावयाचा आणि अंधार पडता परतावयाचे. कोळीवाड्यांतून बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद राहते, तेव्हा पावसाळ्याची बेगमी याच दिवसांत करावी लागते. रात्री कधीकधी कारखान्यांकडून उग्र दर्प येतो. मग खिडकी लावली तर उकाडा आणि उघडली तर खोकला, यांतून आईस निवड करावी लागते. दर्प ओळखून कोणत्या दिशेचा वारा आहे हे मुले सांगतात. ती त्यांची निसर्गविद्या होय.

हे सर्व आमच्या वाङ्मयात का आले नाही? आमच्या मते याचे कारण विषयाच्या क्षुद्रतेत नसून आमच्या बालपणलेखनाच्या घडणीत आहे. आमचे बालपणाचे लेखन प्रायः आठवणीचे लेखन आहे. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी तुरुंगात लिहिलेला, 1935 साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांस गेलेल्या आईची कथा सांगतो. जे हरपले त्याच्या उजेडात घरातील साधी कामे तेजाळून निघतात, आणि या बाबतीत त्या ग्रंथाची सर दुसऱ्यास नाही. परंतु त्याच्या अनुकरणाने एक समजूत रूढ झाली की, घर हरपल्याखेरीज ते लिहिण्यास योग्य होत नाही. पु. ल. देशपांड्यांसारखा हसविणारा लेखक घ्या. ‘बटाट्याची चाळ’ हसतखेळत चालते आणि अखेरच्या चिंतनात तिलाही सरत्या दिवसांची हुरहुर लागते. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा आम्हांस यांत सर्वांत जवळचा वाटतो. ‘वनवास’ वाचताना मूल ज्या क्षणी जे पाहते ते त्याच क्षणी आपण पाहतो, मागाहून आलेले शहाणपण मध्ये लुडबुडत नाही. पण लंपनही आईबापांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी आहे. म्हणजे उत्तम लेखकासही मूल रंगविण्यासाठी त्यास आईबापांच्या रोजच्या घरातून उचलावे लागले. आईबाप थकून घरी येतात, मुले त्यांच्या पायांत घोटाळतात, हे घर आमच्या साहित्यात फारसे कोणी उघडून पाहिले नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे, आणि तो म्हणजे चिं. वि. जोशी. चिमणरावाच्या घरात काऊ आहे, मोरू आहे, मैना आहे, गुंड्याभाऊ तर आहेच. काहीही हरपलेले नसताना, काहीही भव्य घडत नसताना त्या घराची गडबड पानेच्या पाने भरते. विनोदी म्हणून आम्ही त्यांस बाजूच्या पाटावर बसविले, ही आमची चूक. संसाराच्या चालू काळात लिहिण्याची रीत मराठीत कोणास साधली असेल तर ती त्यांस. पुणेरी कारकुनाच्या घराऐवजी बोईसरच्या पाळीकामगाराचे घर त्या रीतीने का लिहिता येऊ नये?

याउलट, औद्योगिक वस्तीवर जे थोडेबहुत लिहिले जाते ते दुसऱ्या टोकास जाते. तेथे धूर असतो, संप असतो, अपघात असतो. हे सर्व खरे आहे आणि लिहिलेच पाहिजे. तारापूरच्या कारखान्यांतील स्फोटांच्या बातम्या आम्हीही वाचतो, आणि नवरा कामावर असताना दूरवर आवाज झाला की बायकोच्या हातातील लाटणे थांबते, हेही आम्ही त्या दोन दिवसांत ऐकले. पण असल्या लिखाणातील माणसास केवळ हाल असतात, दुपार नसते. त्याची मुले फक्त भुकेली वा आजारी असतात, ती कधी कंटाळलेली नसतात. मुलास कंटाळण्याचाही अधिकार न देणारे हे वाङ्मय त्यास माणूस म्हणून कितपत ओळखते, याविषयी आम्हांस शंका आहे.

आणि मामाच्या गावाचेच म्हणाल तर त्याची एक कथा या परिसरात आहे. अणुवीजकेंद्राच्या 3 व 4 क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. त्या गावांतील मुलींच्या मुलांनी सुटीत कोठे जावे? आजोळ नव्या जागी आखीव रस्त्यांवर बसले आहे. नाव तेच, समुद्र तोच, पण अंगण ते नव्हे. ज्यास खरोखर आठवणीचे वाङ्मय लिहावयाचे आहे त्याने येथे यावे. आमराईचे दुःख त्यास उसने आणावे लागणार नाही.

याच मुलुखात, डहाणूच्या बाजूस, मूल जेथे आहे तेथेच त्यास पाहण्याची एक मोठी परंपरा होऊन गेली, हे आम्हा साहित्यिकांच्या ध्यानी आले नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे दिसताच त्यांनी मुलांस बोल लावला नाही. शाळाच गुरांमागे कुरणात नेली व तिला कुरणशाळा म्हटले. शंख, शिंपले, बिया, पाने हीच पाटी-पुस्तके झाली. शिक्षणाने हे केले, मग साहित्यानेही लेखणी घेऊन मुलांमागे जिन्यावर व गच्चीवर जाण्यास काय हरकत आहे? अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन शिक्षणाच्या कपाटात ठेवले जाते. ते ललित लेखकाने एकदा वाचावे. त्यात अलंकार थोडे आहेत, पण मूल पुढ्यात बसले असता त्याच्याकडे पाहावयाचे कसे, हे त्यावरून कळते.

आमच्या एका विद्वान मित्रांचा आक्षेप असा की, असल्या घरात काही घडत नाही, आणि न घडणाऱ्याची कथा होत नाही. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, त्यांनी सुटीतील एक दिवस दोन मुलांसह त्या खोलीत काढावा, आणि आत रात्रपाळीचा माणूस निजलेला असावा. काही घडत नाही असे म्हणण्यास त्यांस उसंत मिळणार नाही.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. ती मुलगी आजीशी खानदेशी वळणाचे बोलते, जिन्यावरील सोबत्यांशी हिंदी, दुकानदाराशी अर्धे गुजराती, आणि निबंधात पुस्तकी मराठी. यांतील कोणती भाषा घ्यावी? बाहेरून गेलेला लेखक यांतील एक निवडील आणि उरलेल्या गमावील. चारही कानांत मुरलेल्या आहेत असे लेखक त्याच घरांतून येतील; पहिल्या वसाहतीत वाढलेली मुले आता चाळिशी ओलांडून गेली आहेत, तेव्हा ते आलेले नसतील असेही नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रे पावसाळ्यात लेखकांकडे जाऊ लागतात. त्यांपैकी एखादे पालघर जिल्ह्याच्या पत्त्यावर जाण्यास आमची काही हरकत नाही.