कॉंकॉर्दचा पदच्छेद

पॅरिसच्या मेट्रोत आपल्याला कुठे उतरायचंय त्याआधी गाडी शेवटी कुठे जाते ते वाचायचं असतं. चर्चगेट की विरार, हे ज्याला पाठ आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. बारा नंबरच्या लाइनवर एका टोकाला मेरी दिसी, दुसऱ्या टोकाला मेरी दोबेरविलिए. मेरी म्हणजे नगरपालिकेची कचेरी. मी पहिल्या दिवशी 'मेरी' एवढंच वाचलं आणि उलट्या गाडीत बसले. पैसे मात्र वाया गेले नाहीत. २०२५ मध्ये मेट्रोच्या एका प्रवासाचं तिकीट २.५० युरो होतं, अंतर कितीही असो. आणि फाटकाबाहेर न पडता गाडी बदलली तर तेच तिकीट चालतं.

त्या चुकीमुळेच कॉंकॉर्दला उतरले. या स्थानकात तीन लाइन एकत्र येतात: एक, आठ आणि बारा. लूव्ह्रला जाणारा पर्यटक एक नंबरने येतो-जातो आणि त्याला काहीच दिसत नाही. जे आहे ते फक्त बाराच्या फलाटावर आहे.

आहेत नुसती अक्षरं. पांढऱ्या चौकोनी टाइलवर एकेक गडद रोमन अक्षर, दोन्ही भिंतींवर आणि डोक्यावरच्या कमानदार छतावरही. पहिल्या नजरेला हे कुणीतरी सोडवायचं विसरून गेलेलं शब्दकोडं वाटतं. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या दोघांनी फोटो काढला, मोबाइल खिशात टाकला आणि गाडीच्या दिशेने बघत राहिले. त्यांचं चुकलं म्हणवत नाही. हे काम पहिल्या भेटीत आवडावं यासाठी केलेलंच नाही.

उलट उदाहरण अकरा नंबरच्या लाइनवर आहे. आर्ज ए मेतिए स्थानकाचा फलाट फ्रांस्वा श्यूटेन या बेल्जियन चित्रकथाकाराने १९९४ साली तांब्याने मढवला. गोल खिडक्या, रिव्हेट, जणू ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीत शिरलोय. पाऊल टाकताक्षणी खूश व्हायला होतं. पण ती खुशी पुढची गाडी येईपर्यंत संपलेली असते. कॉंकॉर्दचं नेमकं उलटं आहे.

ही अक्षरं म्हणजे २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा, सतरा कलमांचा. फ्रांस्वाज शीन या ब्रसेल्सच्या कलावतीने तो इथे मांडला. काम १९९१ मध्ये पुरं झालं. तिची खरी करामत एकाच निर्णयात आहे. तिने शब्दांमधली जागा काढून टाकली. विरामचिन्हं ठेवली, बाकी सगळं सलग. आपल्याकडच्या पोथ्या अशाच असत. मोडीतही रेघ आधी ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने पाहून घ्यावं. 'तोरणावर' म्हणजे दाराच्या तोरणावर, की तो, रणावर? मोडी शिकताना गुरुजी म्हणायचे, डोळा पुढे पळवू नका, मागचा शब्द हातात येऊ द्या. इथे तेच करावं लागतं. माझं फ्रेंच पाटी वाचण्यापुरतं. तरी दहाएक टाइल धरून ओठांनी पुटपुटत गेले की मध्येच एक शब्द सुटा होऊन हातात येतो. पदच्छेद म्हणतात तो हाच.

सगळ्यात आधी सुटले ते पाच टाइलचे दोन शब्द, 'ला ल्वा', म्हणजे कायदा. एकदा सापडले की मग जिकडे तिकडे तेच. जाहीरनाम्यात कायद्याचा उल्लेख इतक्यांदा येतो हे पुस्तकात वाचताना जाणवलं नव्हतं. पुस्तकात आपण अर्थाकडे धावतो. इथे अक्षरं मोजावी लागतात, म्हणून पुनरुक्ती ऐकू येते.

मग 'ओम' सापडला. उच्चार आपल्या ॐच्या जवळचा, म्हणून कानाला गंमत वाटली. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ माणूस, आणि पुरुषही. या दोन अर्थांच्या फटीत लेखिका ऑलिम्प द गूज शिरली. तिने १७९१ मध्ये याच जाहीरनाम्याच्या धर्तीवर स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिचं डोकं उडवलं गेलं ते या फलाटाच्या वरच्याच चौकात. तेव्हा त्याचं नाव क्रांती चौक होतं. सोळाव्या लुईलाही त्याच वर्षी २१ जानेवारीला इथेच आणलं होतं. कॉंकॉर्द, म्हणजे सलोखा, हे नाव १७९५ चं. वर गिलोटिनची जागा, खाली हक्कांची सनद. ही मांडणी शीनने केली नाही, शहराने केली. तिने जागा ओळखली. लिस्बनच्या पार्क स्थानकात आणि स्टॉकहोमच्या विद्यापीठ स्थानकातही तिची हक्कांवरची कामं आहेत, पण डोक्यावर असा चौक त्यांच्या वाट्याला कुठून येणार!

खोट काढायचीच तर एक काढते. मजकूर कुठून सुरू होतो, हे नवख्याला कळत नाही. आधी मला हा दोष वाटला. मग लक्षात आलं, फलाटावर कोणीच सुरुवातीपासून उभं नसतं. आपण जिथे उतरू तिथून वाचायचं, तीन-चार मिनिटं, कलमाच्या मध्यातून मध्यापर्यंत. गाडी आली की समोरची भिंत झाकते. भिंतीला टेकलेल्या माणसाच्या खांद्यामागे एखादं अक्षर जातं आणि तो हलेपर्यंत शब्द अडतो. माझा एक शब्द एका आजोबांच्या टोपीमागे होता. त्यांची गाडी कधी एकदा येतेय असं मला झालं होतं.

दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढले. गाडी सुटताना खिडकीतून गंमत दिसते: पहिले काही क्षण ती वाचण्याच्या वेगाने चालते, अक्षरं एकामागून एक पुढ्यात येतात, जणू कुणी बोट ठेवून दाखवतंय. मग वेग वाढतो, काळ्या रेघा होतात, आणि बोगदा. वर सेन नदी. पलीकडचं स्थानक, आसांब्ले नास्योनाल. संसद. 'ला ल्वा' तिथे करतात.

तिथे उतरायचं नव्हतं, तरी दार उघडल्यावर भिंतीवरची पाटी वाचली. निळ्यावर पांढरी, शब्दांमध्ये नीट जागा सोडलेली. इतकी सोपी वाटली की पुन्हा एकदा वाचली.